हिमोग्लोबिनच्या खालच्या ओळी

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातल्या युसूफ वडगाव परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पुढचे पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कारखाना सांगेल त्या फडात. निघण्याआधी यातली एखादी बाई धाप लागते, चक्कर येते म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात गेली, तर तिचं रक्त तपासलं जातं आणि तिला एक आकडा सांगितला जातो. आठ पॉइंट चार. रक्त कमी आहे, लाल गोळ्या घ्या.

सल्ला बहुतेक वेळा बरोबरच असतो. पण ‘रक्त कमी’ हे आजाराचं नाव नव्हे. ताप आहे म्हटल्याने मलेरिया की टायफॉइड हे कळत नाही, तसंच हे आहे. हिमोग्लोबिन किती कमी आहे ते सांगतं, का कमी आहे ते सांगत नाही. ‘का’चं निम्मंअधिक उत्तर त्याच कागदावर, हिमोग्लोबिनच्या खालच्या चार-पाच ओळींत छापलेलं असतं. त्या ओळी वाचल्या जात नाहीत, आणि वाचल्या जायला हव्यात, एवढ्यासाठी हे प्रकरण आहे.

आधी मर्यादा पाहू. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचं हिमोग्लोबिन डेसिलिटरला 12 ग्रॅमच्या खाली, गरोदर स्त्रीचं 11 च्या खाली आणि पुरुषाचं 13 च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. या मापाने 2019 ते 2021 दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रिया रक्तक्षयी निघाल्या. आधीच्या पाहणीत हे प्रमाण 48 टक्के होतं. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये तर ते 53.8 वरून 68.9 वर गेलं. गोळ्यांचं वाटप वाढत असताना आकडा खाली येत नसेल, तर प्रत्येकाचं कारण एकच असं गृहीत धरून चालणार नाही.

जांभळ्या झाकणाच्या नळीत घेतलेलं रक्त सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या, यंत्रात जातं, तेव्हा यंत्र फक्त हिमोग्लोबिन मोजत नाही. पेशी एका सूक्ष्म छिद्रातून एकेक करून सोडल्या जातात. छिद्रातून वीजप्रवाह चालू असतो. पेशी मध्ये आली की प्रवाहाला अडथळा होतो, आणि पेशी जेवढी मोठी तेवढा अडथळा मोठा. अमेरिकेतल्या वॉलेस कोल्टर यांना या युक्तीचं पेटंट 1953 मध्ये मिळालं आणि आजची बरीच यंत्रं त्याच तत्त्वावर चालतात. अडथळे मोजले की पेशींची संख्या मिळते, अडथळ्याची उंची मोजली की प्रत्येक पेशीचं आकारमान. त्या आकारमानांची सरासरी म्हणजे एमसीव्ही. प्रौढांत ती साधारण 80 ते 100 फेम्टोलिटर असते. सगळ्या पेशी एकाच मापाच्या आहेत की लहानमोठ्या मिसळल्या आहेत, हे सांगणारा आकडा म्हणजे आरडीडब्ल्यू. तो साडेचौदा-पंधराच्या वर गेला की मिसळ जास्त आहे असं समजायचं.

आकाराला एवढं महत्त्व का, हे कळायला हाडांच्या मज्जेत पेशी कशी तयार होते ते पाहावं लागतं. तांबडी पेशी एका मोठ्या पेशीपासून विभागत विभागत लहान होत येते आणि आत पुरेसं हिमोग्लोबिन भरलं की विभागणं थांबवते. लोह नसेल तर हिमोग्लोबिन भरत नाही. पेशी वाट पाहत आणखी विभागते आणि नेहमीपेक्षा लहान, फिकट होऊन बाहेर पडते. उलट बी-12 किंवा फोलेट नसेल तर डीएनए तयार होत नाही, विभागणीच अडते. पेशीचं अंग मात्र वाढत राहतं आणि ती मोठी होऊन येते. म्हणजे लहान पेशी सांगते की हिमोग्लोबिन भरण्यात अडचण आहे, मोठी पेशी सांगते की विभागण्यात अडचण आहे. रक्तक्षयाच्या निदानाची पहिली फांदी इथे फुटते.

आता काही कागद समोर ठेवू. माणसं कल्पनेतली, आकडे मात्र दवाखान्यात रोज दिसतात तसे.

पहिल्या बाईचं हिमोग्लोबिन 8.4, एमसीव्ही 68, तांबड्या पेशी 39 लाख, आरडीडब्ल्यू 19, प्लेटलेट्स 4 लाख 80 हजार. पेशी लहान, त्यांच्यात मिसळ भरपूर, संख्याही घटलेली. प्लेटलेट्स थोड्या जास्त, आणि लोहाची कमतरता असली की तशा वाढलेल्या अनेकदा दिसतात. ही लोहाच्या कमतरतेची चांगली ओळखू येणारी खूण आहे. खात्री करायची तर फेरिटिन तपासावं. हिमोग्लोबिन म्हणजे ताटात वाढलेली भाकरी, तर फेरिटिन म्हणजे कणगीत उरलेली ज्वारी. कणगी आधी रिकामी होते, ताट नंतर. म्हणून हिमोग्लोबिन अजून बरं असतानाही फेरिटिन घसरलेलं असू शकतं. निरोगी प्रौढात ते 15 च्या खाली असेल तर लोहाचा साठा संपला आहे असं समजायचं. बरेच डॉक्टर 30 च्या खालीच सावध होतात.

पण लोह कमी आहे एवढ्यावर थांबणं हे निदान अर्धवट सोडणं आहे. लोह गेलं कुठे, हा खरा प्रश्न. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. पाळीत 80 मिलिलिटरहून जास्त रक्त जात असेल तर तो अतिस्राव मानतात. म्हणजे महिन्याला किमान 40 मिलिग्रॅम लोह बाहेर. अन्नातून दिवसाला एक-दीड मिलिग्रॅम लोह अंगी लागतं. ज्वारी-बाजरीत लोह असतं खरं, पण त्यातली फायटेट्स ते आतड्यात बांधून ठेवतात, आणि जेवणावर लगेच कोरा चहा घेतला की उरलेलं आणखी अडतं. हिशेब महिन्यागणिक तुटीत जातो.

बीडमध्ये या हिशेबाला एक जड बाजू आहे. ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 बायकांची पाहणी झाली. त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. अंगावरून जास्त जातंय, फडात खाडा झाला तर पैसे कापले जातात, पाण्याची-आडोशाची सोय नाही, अशा कोंडीत पिशवी काढून टाकणं हाच उपाय म्हणून पुढे केला गेला. अतिस्राव गोळ्यांनी, संप्रेरकांच्या औषधांनी, गर्भाशयात बसवायच्या साधनाने बऱ्याच जणींचा आटोक्यात येतो, आणि लोह भरून काढता येतं. एमसीव्ही 68 आणि फेरिटिन 6 असा कागद हातात असेल, तर ‘किती जातं, किती दिवस जातं, सोनोग्राफीत गाठी आहेत का’ हे विचारणं डॉक्टरचं कर्तव्य ठरतं. ज्या बाईला हे विचारलंच गेलं नाही तिच्यावर अन्याय झाला, असं मला स्पष्ट वाटतं.

पाळी बंद झालेल्या बाईत किंवा पुरुषात लोह कमी निघालं तर शोध आणखी आत न्यावा लागतो: मूळव्याध, जठरातला व्रण, वेदनाशामक गोळ्यांनी झालेला रक्तस्राव, कधी आतड्याचा कर्करोग. शेतात अनवाणी राबणाऱ्यांत हुकवर्म हेही कारण असतं. हा जंत पायाच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. त्याची चाहूलही याच कागदावर लागू शकते, कारण पांढऱ्या पेशींपैकी इओसिनोफिल वाढलेले दिसतात. मग शौचाची तपासणी आणि जंताची गोळी.

दुसऱ्या कागदावर हिमोग्लोबिन 10.2 आहे. पहिलीपेक्षा बरं. ही तरुण मुलगी लाल गोळ्या महिनोन्‌महिने नेमाने घेते आहे आणि आकडा जागचा हलत नाही. घरचे म्हणतात, गोळ्या अंगी लागत नाहीत. एमसीव्ही 60, म्हणजे पहिलीपेक्षाही लहान पेशी. पण तांबड्या पेशींची संख्या 56 लाख आणि आरडीडब्ल्यू 15. रक्तक्षय असून पेशी नेहमीपेक्षा जास्त, सगळ्या सारख्याच लहान. लोहाविना चाललेली मज्जा इतक्या पेशी काढू शकत नाही. इथे लोह आहे, पण हिमोग्लोबिनची प्रथिन-साखळी बनवणाऱ्या जनुकांच्या जोडीतलं एक बिघडलेलं आहे. ही बीटा थॅलेसेमियाची वाहक.

विल्यम मेंट्झर यांनी 1973 मध्ये यासाठी एक सोपा भागाकार सुचवला: एमसीव्हीला दशलक्षांत मोजलेल्या तांबड्या पेशींनी भागा. उत्तर 13 हून जास्त आलं तर लोहाची कमतरता संभवते, कमी आलं तर थॅलेसेमियाची वाहकता. पहिल्या बाईचं 68 भागिले 3.9, म्हणजे सुमारे साडेसतरा. या मुलीचं 60 भागिले 5.6, म्हणजे पावणेअकराच्या आत. अगदी युसूफ वडगावात, पेन्सिलीने, कागदाच्या कोपऱ्यावर करता येईल असं हे निदान आहे. तो अंतिम पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे एचपीएलसी ही तपासणी, जिच्यात हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजतात. त्यांपैकी एचबी ए-टू साडेतीन टक्क्यांच्या वर निघालं की वाहकता बहुधा नक्की. मात्र लोहाची मोठी कमतरता सोबत असेल तर ए-टू खाली ओढलं जातं आणि वाहक सुटून जातो. म्हणून आधी लोह भरून काढावं आणि मग पुन्हा तपासावं.

वाहक मुलगी आजारी नसते. तिला आयुष्यभर लोहाच्या गोळ्या देत राहणं निरुपयोगी आहे. पण तिच्या नवऱ्याचं रक्त तपासणं फार महत्त्वाचं आहे. दोघंही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात थॅलेसेमिया मेजरचं मूल होण्याची शक्यता चारात एक, आणि अशा मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं. हिमोग्लोबिनचाच दुसरा आनुवंशिक दोष, सिकलसेल, हाही एचपीएलसीवरच पक्का ओळखू येतो. मध्य भारतातल्या सिकलसेलवर शुक्ला आणि सोलंकी यांनी नागपूरहून 1958 मध्ये लिहिलं, आणि विदर्भात, नंदुरबारात आज ही तपासणी घरोघरी ऐकून माहीत आहे. सिकलसेलमध्ये पेशींचा सरासरी आकार नेहमीसारखाही असू शकतो. एमसीव्हीवर विसंबून तो नाकारता येत नाही.

तिसरा कागद पुन्हा 8.4 चा. पहिल्या बाईचाच आकडा. पण एमसीव्ही 116, तांबड्या पेशी अवघ्या 22 लाख, पांढऱ्या 3,200, प्लेटलेट्स 95 हजार. पेशी मोठ्या, आणि तिन्ही प्रकारच्या पेशी घटलेल्या. फक्त हिमोग्लोबिन सांगितलं असतं तर या दोघींना एकच पुडकं मिळालं असतं.

मोठ्या पेशींच्या रक्तक्षयाचा एक धागा मुंबईत, परळच्या हाफकिन संस्थेत उलगडला. ल्यूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर 1928 मध्ये भारतात आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांत मोठ्या पेशींचा जीवघेणा रक्तक्षय का होतो, हे तिला शोधायचं होतं. तिने जंतुसंसर्गाचा संशय तपासून पाहिला, बायकांचा आहार नोंदवला, उंदरांना आणि माकडांना तसाच निकस आहार देऊन पाहिला. रक्तक्षय झालेलं माकड मार्माइट या यीस्टच्या अर्काने सुधारलं. मग तिने तोच अर्क बायकांना दिला आणि त्याही सुधारल्या. 1931 मध्ये हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आलं. पुढच्या काही वर्षांत तिने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि मला ती सगळ्यांत मोलाची वाटते: ‘पर्निशियस’ रक्तक्षयावर चालणारा यकृताचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडत नव्हता. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही आजारांच्या पेशी सारख्या, पण उणीव वेगवेगळी. मार्माइटमधलं ते द्रव्य म्हणजे फोलेट. पालकाच्या पानांतून ते 1941 मध्ये वेगळं काढलं गेलं. यकृताच्या अर्कातलं दुसरं द्रव्य, बी-12, 1948 मध्ये हाती आलं. आज लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फोलिक ॲसिड असतं, त्यामागे परळच्या त्या गिरणकामगार बायका आहेत.

लाल गोळीत बी-12 मात्र नाही. आपल्याकडे मोठ्या पेशींचं कारण पुष्कळदा बी-12 हेच असतं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ग्रामीण, झोपडपट्टीतल्या आणि मध्यमवर्गीय अशा 441 पुरुषांचं रक्त तपासलं. त्यांतल्या 67 टक्क्यांत बी-12 कमी होतं. हे जीवनसत्त्व वनस्पती बनवत नाहीत. दूध, अंडी, मांस पुरेसं मिळत नसेल तर साठा काही वर्षांत आटतो. तिसऱ्या कागदावरच्या बाईला नुसतं फोलिक ॲसिड मिळालं तर धोका असा की रक्त काही काळ सुधारतं, हिमोग्लोबिन वाढतं, सगळे निर्धास्त होतात आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. पायाला मुंग्या, अंधारात तोल जाणं, विसरभोळेपणा. म्हणून एमसीव्ही शंभराच्या वर दिसलं की बी-12 ची तपासणी आधी. ती होण्यासारखी नसेल तर निदान बी-12 ची इंजेक्शनं आधी आणि फोलिक ॲसिड सोबत. इंजेक्शन स्वस्त आहे. गेलेली नस परत मिळेल याची हमी नाही.

तिन्ही प्रकारच्या पेशी घटलेल्या असताना एक सावधगिरी पाळायलाच हवी. असंच चित्र मज्जा सुकल्याने किंवा रक्ताच्या कर्करोगाने दिसू शकतं. इथे काचपट्टी कामी येते. रक्ताचा एक थेंब काचेवर पसरायचा, रंगवायचा आणि जाणत्या माणसाने सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. बी-12 च्या कमतरतेत न्यूट्रोफिलच्या केंद्रकाचे पाच-सहा तुकडे दिसतात. लोह कमी असेल तर पेन्सिलीसारख्या लांबट, मधोमध पांढऱ्या पडलेल्या पेशी. थॅलेसेमियात नेमबाजीच्या लक्ष्यासारखं मधे ठिपका असलेलं चक्र. कर्करोगातल्या अपक्व पेशीही इथेच ओळखू येतात. यंत्र आल्यापासून काचपट्टी बघणं कमी झालं आहे, आणि ते नुकसान आहे. युसूफ वडगावच्या बाईसाठी अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आवाक्यात आहे. तिथे काचपट्टी वाचणारे पॅथॉलॉजिस्ट आहेत. चिठ्ठीवर ‘पेरिफेरल स्मिअर’ लिहायला हवं, इतकंच.

सगळ्यांत फसवा तो चौथा कागद. हिमोग्लोबिन 8.4, एमसीव्ही 88. पेशी मधल्या मापाच्या, म्हणजे सगळं ठीक? आरडीडब्ल्यू पाहा: 24. लोहही नाही आणि बी-12 ही नाही. लहान पेशी आणि मोठ्या पेशी एकत्र, सरासरी मात्र मधली. भाकरी, चटणी आणि कोरा चहा यांवर मेहनतीचं काम करणाऱ्या शरीरात ही दुहेरी कमतरता मुळीच दुर्मीळ नाही. नुसतं लोह दिलं तर थोडी सुधारणा होऊन गाडी अडते.

एमसीव्ही मधलं आणि आरडीडब्ल्यूही फारसं वाढलेलं नाही, तर रोख दुसरीकडे वळतो. क्षयरोग, संधिवात, जुनाट संसर्ग यांत यकृत हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढवतं आणि ते लोह साठ्यात कोंडून ठेवतं. साठा भरलेला असतो, मज्जेपर्यंत मात्र पोचत नाही. फेरिटिन अशा वेळी वाढलेलं दिसतं, आणि तिथेच गफलत होते: अंगात ताप किंवा सूज असताना 40 फेरिटिन पाहून ‘लोह पुरेसं’ म्हणता येत नाही. म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे अंगातल्या सुजेची खूण, बघतात; जागतिक आरोग्य संघटना संसर्ग असलेल्या प्रौढासाठी फेरिटिनची मर्यादा 70 वर नेते. क्रिएटिनिनही बघावं, कारण मूत्रपिंड निकामी होऊ लागलं की पेशी बनवायचा निरोपच मज्जेला जात नाही.

एक स्वस्त तपासणी उगाच मागे पडली आहे: रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे नुकत्याच बाहेर पडलेल्या कोवळ्या तांबड्या पेशींचं प्रमाण. एरवी ते अर्धा ते दोन टक्के असतं. रक्त कमी असूनही ते वाढलेलं नसेल तर मज्जा बनवू शकत नाही. वाढलेलं असेल तर मज्जा जोरात काम करते आहे, पण रक्त वाहून तरी जातं आहे नाहीतर फुटतं आहे. फुटत असेल तर डोळे पिवळसर, बिलिरुबिन आणि एलडीएच वाढलेलं; मग मलेरिया, जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची उणीव, कूम्ब्स चाचणी हा मार्ग.

तपासण्यांचा क्रमही महत्त्वाचा आहे. रक्त चढवल्यावर एचपीएलसी केली तर दात्याचं हिमोग्लोबिन मोजलं जातं. बी-12 चं इंजेक्शन दिल्यावर बी-12 मोजण्यात अर्थ नाही. म्हणून रक्ताची पिशवी लावण्याआधी, सुई टोचण्याआधी नळी भरून घ्यावी. नमुना गाडीतून लांबच्या प्रयोगशाळेत जायला फार वेळ लागला तर पेशी नळीतच फुगतात आणि एमसीव्ही खोटं वाढतं. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं आणि हिमोग्लोबिन खऱ्यापेक्षा कमी दिसतं. दिवसभर उन्हात घाम गाळून पाणी न पिता आलेल्या बाईचं ते खऱ्यापेक्षा बरं दिसू शकतं.

आणि उपचार हीसुद्धा एक तपासणीच असते. निदान बरोबर असेल आणि गोळी चहाबरोबर न घेता नेमाने घेतली, तर आठवड्या-दीड आठवड्यात रेटिक्युलोसाइट वाढतात, आणि महिन्याभरात हिमोग्लोबिन किमान एका ग्रॅमने चढतं. पुढे हिमोग्लोबिन नीट झाल्यावरही साठा भरायला आणखी सुमारे तीन महिने गोळी चालू ठेवावी लागते. भाद्रपदात तपासणी झाली तर टोळी निघायच्या आत पहिलं उत्तर हाती येतं. निघतानाच तपासणी झाली असेल तर दुसरी तपासणी कारखान्याच्या तळावर करावी लागणार, आणि तिथला डॉक्टर या बाईला पहिल्यांदाच पाहत असणार. म्हणून गोळ्यांच्या पुडक्याबरोबर तो कागदही सामानात गेला पाहिजे. दोन कागद शेजारी ठेवले की बोलणं सोपं होतं: एमसीव्ही 68 चं 74 झालं असेल तर गोळी लागू पडते आहे, पुढे चालू ठेवा आणि अंगावरून जाण्याचं बघा, 68 चं 68 च राहिलं असेल तर डोस वाढवण्याआधी गोळी कशी आणि कशाबरोबर घेतली ते विचारा, आणि मग फेरिटिन आणि एचबी ए-टू सांगा.